काठमांडूचे घरचे मैदान

आरोग्याच्या या पाक्षिकात पदकतालिकेचे आकडे कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. तूर्तास एवढेच सांगतो, की नेपाळच्या एका प्रवासात मी एका देशाच्या क्रीडायशाची जागा पाहिली आणि ती पाहताना माझ्या दवाखान्यात येणारे वृद्ध रुग्ण व त्यांना सांभाळणारी मुले-सुना वारंवार डोळ्यांपुढे येत राहिली.

प्रथम त्या यशाविषयी. १ ते १० डिसेंबर २०१९ या काळात तेरावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा काठमांडू, पोखरा आणि जनकपूर या तीन ठिकाणी भरली. आपल्यापैकी अनेकांना ही स्पर्धा 'सॅफ गेम्स' या जुन्या नावाने आठवत असेल. सात देशांचे खेळाडू तेथे आले होते. भारत १७४ सुवर्णपदकांसह पहिला आला. यात नवल काहीच नव्हते. लक्ष वेधून घेतले ते यजमान नेपाळने. ५१ सुवर्ण, ६० रौप्य आणि ९५ कांस्य अशी २०६ पदके मिळवून हा सुमारे तीन कोटी वस्तीचा देश सुवर्णपदकांच्या क्रमाने दुसऱ्या स्थानी पोहोचला. ४० सुवर्णपदके मिळवणारा श्रीलंका त्याच्या मागे राहिला. याच नेपाळला २०१६ साली गुवाहाटी आणि शिलाँग येथील स्पर्धेत अवघी ३ सुवर्णपदके मिळाली होती. चार वर्षांच्या आत तीनावरून एक्कावन्न! माणसे तीच, देश तोच. मग बदलले काय?

दशरथ रंगशाळेच्या फाटकाशी

आमच्या गावच्या ज्येष्ठ नागरिकांच्या संघाबरोबर मी काठमांडूला गेलो होतो. पशुपतिनाथाचे दर्शन हा सर्वांचा मुख्य हेतू, आणि बरोबर एखादा डॉक्टर असावा या विचाराने मंडळींनी मला आग्रहाने नेले. एके सकाळी मंडळी न्याहारी आटोपत असताना मी त्रिपुरेश्वर भागातील दशरथ रंगशाळा पाहावयास गेलो. नेपाळीत क्रीडागाराला 'रंगशाला' म्हणतात. राणा राजवटीविरुद्धच्या चळवळीत १९४१ साली गोळ्या घालून देहदंड दिले गेलेले हुतात्मा दशरथ चंद यांचे नाव या मैदानास दिलेले आहे. जुन्या काठमांडूच्या दाटीत, रस्त्याच्या गजबजाटाला अगदी लागून हे मैदान उभे आहे. डिसेंबरातील त्या सकाळी धुके पुरते विरले नव्हते आणि बोटे गारठत होती. फाटकाजवळच्या टपरीवर वाफाळता 'चिया' घेत मी उभा राहिलो.

टपरीवर शेजारी बसलेले एक गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. मी मुंबईकडचा डॉक्टर आहे हे कळताच त्यांनी हिंदीत बोलणे सुरू केले आणि पहिला विषय काढला तो गुडघेदुखीचा. हे आम्हा डॉक्टरांच्या नशिबी सर्वत्र असते. मग विषय मैदानाकडे वळला. २०१९ मध्ये पुरुषांच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात नेपाळने भूतानला २-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले, तेव्हा ते याच मैदानात होते. दुपारपासून उभे होते, आणि गुडघे दुखत असल्याचे घरी गेल्यावर ध्यानात आले, असे ते हसत म्हणाले. मी त्यांना विचारले, "आपले खेळाडू एवढे जिंकले कसे?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "घर हो, साहेब. घरमें आदमी जरा बडा हो जाता है."

त्यांचे हे उत्तर खरे आहे, मात्र अपुरे आहे. आता डॉक्टराच्या सवयीप्रमाणे कारणे एकेक करून तपासू.

घर नेमके काय देते?

यजमान संघाला घरी अधिक यश मिळते, ही गोष्ट अनेक देशांत आणि अनेक खेळांत दिसून आलेली आहे. तिची कारणे गूढ नाहीत.

पहिले कारण परिचयाचे. काठमांडू समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वराइतके उंच आहे. डिसेंबरात तेथे कडाक्याची थंडी असते. समुद्रकाठच्या उष्ण हवेतून आलेल्या धावपटूला लांब पल्ल्याच्या शर्यतीत या दोन्ही गोष्टी जाणवतात. तेथेच वाढलेल्याला त्यांची सवय असते. संतोषी श्रेष्ठ हिने १०,००० मीटर धावण्यात आणि किरणसिंह बोगटी याने मॅरेथॉनमध्ये नेपाळला सुवर्ण मिळवून दिले. त्यांच्या कष्टांचे मोल याने तिळभरही कमी होत नाही. परंतु ओळखीची हवा, ओळखीचे अन्न, आपली भाषा बोलणारा मदतनीस आणि रात्रीची सलग झोप यांचा लाभ शरीराला होतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

दुसरे कारण माणसांचे. मैदानात आपल्या नावाचा गजर होत असेल, तर थकलेला पायही आणखी चार पावले टाकतो. हा गजर पंचांच्या मनावरही थोडाफार परिणाम करतो, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे. करोनाच्या काळात प्रेक्षकांविना झालेल्या सामन्यांत अनेक ठिकाणी यजमानांचा लाभ घटलेला दिसला. नेपाळच्या सुवर्णपदकांत कराटे आणि तायक्वांदो यांचा वाटा मोठा होता. या खेळांत पंचांच्या नजरेला महत्त्व असते; त्याचबरोबर नेपाळमध्ये हे खेळ वर्षानुवर्षे मनापासून जोपासले गेले आहेत, हेही तितकेच खरे.

तिसरे कारण संधीचे. पाहुण्या देशाला प्रवासखर्चामुळे निवडक खेळाडू पाठवावे लागतात. यजमानाला जवळजवळ प्रत्येक खेळात आपला संघ उतरवता येतो. शिवाय सर्व बलाढ्य प्रतिस्पर्धी प्रत्येक वेळी येतातच असे नाही. या स्पर्धेत भारताने पुरुषांचा फुटबॉल संघ पाठवला नव्हता. महिलांचा संघ मात्र गेला होता आणि त्याने अंतिम सामन्यात नेपाळलाच २-० असे हरवले. म्हणजे घर होते, गजर होता, तरीही तो सामना यजमानांच्या हातून गेला.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते तयारीचे. काठमांडूने ही स्पर्धा तीनदा भरवली: १९८४, १९९९ आणि २०१९ साली. १९८४ ची स्पर्धा ही या मालिकेतील पहिलीच. तेव्हाही घर हेच होते आणि मैदानही हेच होते. परंतु नेपाळची सुवर्णपदके एका आकड्यातच राहिली. १९९९ मध्ये मात्र ३२ सुवर्णपदके मिळाली आणि २०१९ मध्ये ५१. घरात असणे पुरेसे असते, तर पहिल्याच वेळी तसे घडले असते. घराला तयारीची जोड मिळाली तेव्हाच यश आले.

पडझड झालेले मैदान

या तयारीत मैदानाची तयारीही आली. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने नेपाळ हादरला. सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. रंगशाळेपासून जवळच असलेला धरहरा मनोरा जमीनदोस्त झाला. आज तेथे नवा मनोरा दिसतो. दशरथ रंगशाळेलाही भूकंपाचा तडाखा बसला आणि दक्षिण आशियाई स्पर्धेपूर्वी तिचे नूतनीकरण करावे लागले. स्पर्धेच्या तारखा पुढे गेल्या, कामे वेळेत होतील की नाही याची चिंता होती, परंतु अखेरीस दिवे लागले आणि मैदान भरले.

याच मैदानाची एक जुनी, दुःखद आठवण आहे. मार्च १९८८ मध्ये फुटबॉलचा सामना चालू असताना अकस्मात गारपीट सुरू झाली. लोक आडोशासाठी दारांकडे धावले. दारे बंद होती. त्या चेंगराचेंगरीत नव्वदहून अधिक जीव गेले. घरचे मैदान, घरचेच प्रेक्षक. आणि दार वेळेवर न उघडल्याने झालेला हा अनर्थ. फाटकाशी उभे असताना ही गोष्ट आठवली आणि मन उदास झाले.

वाचकहो, येथून आपल्या विषयाकडे वळतो. वृद्ध माणसाला घरीच बरे वाटते, असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण वृद्धांचे पडणे, खुब्याचे हाड मोडणे हे बहुतेकदा घरातच घडते: ओल्या मोरीत, सरकत्या पायपुसण्यावर, उंबरठ्यावर, रात्रीच्या काळोखात. घर ओळखीचे असते म्हणून माणूस बेसावध असतो. ज्याप्रमाणे रंगशाळेला डागडुजी लागली, त्याप्रमाणे आपल्या घरालाही लागते. न्हाणीघरात आणि शौचालयात भिंतीला भक्कम आधारदांडी बसवा. कडी अशी असावी, की आत कोणी पडल्यास बाहेरून उघडता येईल. तोवर आजी-आजोबांनी आतून कडी न लावता दार नुसते लोटून घ्यावे. सुटी पायपुसणी उचला. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा तेवत ठेवा. ही चार कामे एका रविवारात होतात आणि खर्चही बेताचा येतो.

परक्या खोलीतील एक रात्र

आमच्याबरोबर सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त मुख्याध्यापक होते. वय ७६. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणत असू. सोबत त्यांची सून होती. काठमांडूतील दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तिने माझे दार ठोठावले. "डॉक्टरकाका, मामंजी काहीतरी वेगळेच बोलताहेत. आपण कुठे आहोत हेच त्यांना कळेना." मी गेलो तो गुरुजी बोळात भिंत चाचपत उभे. "मोरी इकडेच होती, कोणी हलवली?" असे ते रागावून विचारत होते. दिवसभर प्रत्येक देवळाचा इतिहास आम्हाला समजावून सांगणारा हा माणूस त्या क्षणी आपल्याच सुनेला ओळखत नव्हता.

वृद्ध व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागल्यास ते वयामुळे झाले असे समजून कधीही गप्प बसू नये. लघवीचा अथवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील साखर वा सोडियम कमी होणे, नव्या औषधाचा परिणाम, पक्षाघात, लघवी तुंबणे अशी गंभीर कारणे असू शकतात आणि त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात. मी गुरुजींची साखर, रक्तदाब, ताप, रक्तातील प्राणवायू तपासला. हातापायांची ताकद आणि बोलणे पाहिले. औषधांची यादी चाळली. तपासणीत काही आढळले नाही. सकाळी तेथील दवाखान्यात नेऊन रक्त-लघवीही तपासून घेतली. तीही ठीक निघाली.

मग खोलीकडे पाहिले. चष्मा बॅगेत, कानाचे यंत्र डबीत, घड्याळ कुठेच नाही. पडदे जाड, त्यामुळे काळोख मिट्ट. गुरुजी घरी पलंगाच्या डाव्या बाजूने उतरत; येथे ती बाजू भिंतीला लागून होती. दिवसा चालणे भरपूर, पाणी पिणे मात्र कमी. वारंवार लघवीला जावे लागेल या भीतीने प्रवासात पाणी टाळणे ही आपल्या ज्येष्ठांची जुनी सवय आहे. अनोळखी जागा, अपुरी झोप, शरीरात पाण्याची कमतरता आणि डोळे-कान निकामी करून ठेवलेले. एवढे सारे एकत्र आल्यावर सत्तरी ओलांडलेल्या मेंदूचा तोल जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पलंग सरकवला. न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किलकिले ठेवले. उशाशी चष्मा, कानाचे यंत्र, मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि त्यांचा रोजचा पाण्याचा तांब्या ठेवला. सुनेने आपली खाट त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आणली आणि झोपण्यापूर्वी दोघांनी घरच्याप्रमाणे हरिपाठ म्हटला. त्या दिवशीचे दुपारचे फिरणे रद्द केले. रात्री गुरुजी एकदा उठले, स्वतःच जाऊन आले आणि पुन्हा झोपले. पुढील चार रात्री काही त्रास झाला नाही. हॉटेलच्या खोलीत त्या सुनेने सासऱ्यांसाठी एक छोटेसे घरचे मैदान मांडले होते.

पाळीने फिरणारे आई-वडील

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी कुटुंबांत आई-वडिलांची 'पाळी' असते. तीन महिने थोरल्याकडे, तीन महिने धाकट्याकडे, मग लेकीकडे. या वाटणीत दुष्टपणा नसतो. मुलांची घरे लहान, दोघेही नोकरीत, जबाबदारी एकट्यावर पडू नये ही रास्त इच्छा; हे सर्व मी जाणतो. परंतु माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली आहे. पाळी बदलल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात. झोप उडते, पोट साफ होत नाही, गोळ्या चुकतात, रात्री पडणे होते. नव्या घरातील सून म्हणते, "तिकडे तर म्हणे छान होत्या. इकडेच असे करतात." बिचाऱ्या आजी मुद्दाम काहीच करत नसतात. त्या दर तीन महिन्यांनी परक्या मैदानावर खेळत असतात.

शक्य असेल तर माणसाला फिरवण्यापेक्षा सेवा फिरवा. आई एका घरी राहू द्या. बहीण-भावांनी पाळीने तेथे येऊन राहावे, खर्च वाटून घ्यावा, आणि ज्याच्या घरी आई आहे त्या सुनेला वर्षातून काही दिवस निश्चिंत सुट्टी मिळावी. सांभाळणाऱ्याची दमछाक झाली तर सर्वांत सुरक्षित घरही टिकत नाही.

फिरवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर प्रत्येक घरी त्यांचा एक कायमचा कोपरा असू द्या. पलंगाची बाजू, दिव्याची जागा, देवांचा फोटो, गोळ्यांच्या डबीचे खण सर्वत्र सारखे असावेत. औषधांची आणि आजारांची लिखित यादी त्यांच्याबरोबर जावी. जेवणाखाण्याच्या वेळा बदलू नयेत. पहिले पंधरा दिवस रात्री कोणीतरी हाकेच्या अंतरावर झोपावे.

येथे कोणी म्हणेल, की माणसाचे घर एकच असते काय? या प्रश्नावर मला काठमांडूतच एक उत्तर मिळाले. शहराच्या दक्षिणेस ललितपुरात सातदोबाटो येथे जलतरण तलाव आहे. २०१९ मध्ये तेथे गौरिका सिंह या सतरा वर्षांच्या मुलीने नेपाळसाठी चार सुवर्णपदके जिंकली. ही मुलगी वाढली आणि पोहायला शिकली ब्रिटनमध्ये. २०१५ च्या भूकंपावेळी ती राष्ट्रीय स्पर्धेसाठी काठमांडूत आलेली होती आणि बचावली. पुढल्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये ती तेरा वर्षांची, सर्वांत लहान खेळाडू होती. तिचा रोजचा तलाव परदेशात, आणि तरीही ललितपूरचा तलाव तिला परका वाटला नसावा, कारण तेथे लोक तिला आपली म्हणत होते. आज आपले अनेक वाचक मुलांकडे पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, अमेरिकेत राहतात. भिंती नव्या असल्या तरी त्या घरात आपल्याला विचारले जाते, आपले एखादे काम आपल्याकडे असते, आपल्या नावाने कोणी हाक मारते. तर तेही काही काळाने घर होते. आजोबांना भाजी निवडायला, नातवाला गोष्ट सांगायला, फुलझाडांना पाणी घालायला द्या. काम काढून घेणे म्हणजे आराम देणे, असा समज करून घेऊ नये.

सोहळा संपल्यानंतर

एक सावधगिरीची सूचना मात्र केलीच पाहिजे. १९९९ मध्ये ३२ सुवर्णपदके मिळवणारा नेपाळ त्यानंतरच्या, परदेशी झालेल्या २००४, २००६ आणि २०१० या तिन्ही स्पर्धांत पुन्हा एका आकड्यावर आला. २०१६ चे ३ आपण पाहिलेच. त्या वेळी तर भूकंपाला वर्षही झाले नव्हते. घरी मिळालेले बळ बाहेर टिकवायचे, तर सोहळा संपल्यावरही सराव चालू राहावा लागतो. याचे उलट उदाहरणही नेपाळकडेच आहे. चार ऑलिंपिक स्पर्धांत धावलेले मॅरेथॉनपटू वैकुंठ मानंधर यांनी १९८७ साली कोलकात्यात, म्हणजे परक्या भूमीवर, सुवर्णपदक जिंकले होते.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर रुग्ण घरी येतो, तेव्हा असेच होते. पहिले काही दिवस घर भरलेले असते. सारे टाळ्या वाजवतात, आजी पलंगापासून दारापर्यंत चालून दाखवतात, चित्रफीत काढून नातलगांना पाठवली जाते. महिन्याने पाहुणे पांगतात, व्यायाम शिकवणारे येणे बंद होते आणि आजी पुन्हा खुर्चीला खिळतात. कौतुक जरूर करा, मात्र घाई करू नका; सर्वांनी भोवती जमून "चला, अजून चार पावले" असा धोशा लावला, तर दमलेला पाय घसरतो. कोणी पाहत नसतानाचे रोजचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव, आधार धरून टाचा उचलणे यांनीच पायांत ताकद येते. किती वेळ आणि किती वेळा, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा आणि दिनदर्शिकेवर रोज खूण करा.

नेपाळला जाणार असाल तर

आपल्यापैकी अनेकांच्या मनात पशुपतिनाथ असेल. जरूर जा. काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

काठमांडूचे खोरे वाटीसारखे आहे. हिवाळ्यात धूळ आणि धूर त्यात साचून राहतात. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असल्यास फवारा सदैव खिशात ठेवा, बाहेर चांगला मास्क लावा, आणि सकाळचे फिरणे ऊन वर आल्यावर करा.

काठमांडूच्या उंचीमुळे सहसा विकार होत नाही. जिने चढताना थोडा अधिक दम लागेल, तेव्हा थांबत चढा. मुक्तिनाथ मात्र ३,७०० मीटरहून उंचावर आहे. हृदयविकार, फुप्फुसाचा विकार किंवा रक्तक्षय असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना तेथे जाऊ नये. तेथील १०८ धारांच्या बर्फासारख्या पाण्यात स्नान करण्याचा मोह हृदयरुग्णांनी टाळावा. पाणी मस्तकी लावले तरी भक्ती उणी होत नाही.

स्वयंभूच्या पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत. मागच्या बाजूने गाडी बरीच वर जाते. गुडघे दुखत असल्यास तो मार्ग घ्या. देवळांत थंडगार फरशीवर अनवाणी चालावे लागते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी शक्य तेथे जाड मोजे घालावेत आणि रात्री तळपाय उजेडात नीट पाहावेत.

औषधे दुप्पट घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात देऊ नये. उकळलेले किंवा बाटलीबंद पाणी पुरेसे प्या. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा अवघी पंधरा मिनिटे पुढे आहे, तेव्हा गोळ्यांच्या वेळा बदलण्याचे कारण नाही. ओळखपत्र कोणते चालेल, हे तिकीट काढतानाच विमान कंपनीकडून विचारून घ्या.

आणि सामान भरताना एक जागा रिकामी ठेवा. छोटा रात्रदिवा, मोठ्या आकड्यांचे घड्याळ, नेहमीचा तांब्या, अंथरुणावरची जुनी चादर किंवा आईने शिवलेली गोधडी, यांपैकी ज्यामुळे आपल्याला घरच्यासारखी झोप लागते, ते तेथे ठेवा. त्याचे वजन दोन किलोही होणार नाही.